वाल्डएग नगरपालिकेतील जिव्हास्खलन प्रकरण

वाल्डएग नगरपालिकेत जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्हींची नोंद एकाच टेबलावर होते आणि त्या टेबलामागे गेली एकतीस वर्षे ओटमार प्लाइनर बसतात. गावात जन्मणारा बहुतेक प्रत्येक माणूस त्यांच्या टेबलावरून तीनदा जातो. स्वतःच्या पायांनी मात्र मधल्या खेपेलाच.

ओटमारांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता. त्यामुळे येत्या शरदात त्यांना 'हॉफराट', म्हणजे दरबारी सल्लागार, ही पदवी देण्याचे घाटत होते. ऑस्ट्रियातला दरबार मोडून शंभर वर्षे झाली. सल्लागार अजून नेमले जातात, कारण प्रजासत्ताकातही माणसाला कोणीतरी म्हणून मरायचे असते. ही पदवी थडग्यावर कोरता येते. शिवाय जिवंतपणी ती बायकोलाही लागते. हेर्मिनेबाई प्लाइनर बेकरीत शिरल्या की 'या, हॉफराटीणबाई' असे ऐकू येणार होते. समोरच्या जनावरांच्या डॉक्टरची बायको रांगेत मागे उभी असली तरी 'डॉक्टरीणबाई' म्हणून तिला पाव आधी मिळतो, हे दुःख हेर्मिनेबाईंनी बावीस वर्षे गिळले होते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ओटमारांनी सकाळी साडेनऊला दोन मृत्यू नोंदवले, काळा टाय सोडून चंदेरी बांधला आणि अकराच्या लग्नाला ते उभे राहिले. वधू रोमाना हुबबाउअर, वर वेंडेलिन, व्यवसाय दातांच्या कवळ्या बनवणे. अंगठ्या झाल्या, सह्या झाल्या. ओटमारांनी वधूवरांचे हात हातात घेतले आणि भरदार आवाजात म्हटले, "आपल्या दुःखात मी मनःपूर्वक सहभागी आहे."

आधी वर हसला. मग चौसष्ट पाहुण्यांपैकी बहुतेक सगळे हसले, फोटोग्राफरला भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि वधूची एक आत्या रुमाल तोंडात कोंबून बाहेर गेली. ओटमारांनी कानापर्यंत लाल होऊन घाईघाईने अभिनंदन केले, पण ते कोणालाही ऐकू गेले नाही.

दुपारी घरी त्यांनी खाली मान घालून ही गोष्ट बायकोला सांगितली. हेर्मिनेबाईंच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "दुःखात! आणि म्हणे मनःपूर्वक! अरे देवा, ओटमार!" असे म्हणत त्या पोट धरून स्टुलावर बसल्या. ओटमारांना शरम वाटत होती, आणि खरे सांगायचे तर बरेही वाटत होते.

जिभेला हाड नसते, असे म्हणून एखादे शहाणे गाव पुढे गेले असते. पण वाल्डएगला नगरपालिका आहे.

सोमवारी वधूच्या आईची तक्रार आली. ती ओटमारांविरुद्ध नव्हतीच, जावयाविरुद्ध होती. लग्नाच्या पंगतीतच रोमानाने नवऱ्याला विचारले होते, "तू का हसलास?"

"सगळेच हसले की!"

"सगळे तुझ्यानंतर हसले. मी बघत होते."

"अगं, गंमत वाटली."

"कसली?"

या 'कसली'चे उत्तर वेंडेलिनला बुधवारपर्यंतही सुचले नाही. मधुचंद्राला समुद्रावर रोमाना आईला घेऊन गेली.

जावयाविरुद्धची तक्रार कोणत्या खात्यात जाते हे नगरपालिकेत कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून ती 'कर्मचाऱ्यांची वर्तणूक' या खात्यात टाकण्यात आली आणि त्या लग्नात कर्मचारी तर एकच हजर होता. प्रांताच्या राजधानीतून जिव्हास्खलन-चौकशी अधिकारी डॉक्टर गुडरून क्नाइसल आल्या. त्यांचा आवाज फार मऊ होता, त्यामुळे ओटमार पहिल्या वाक्यालाच घाबरले.

"प्लाइनरसाहेब, शक्यता दोनच. एक म्हणजे सवय. टेबल तेच, खुर्ची तीच, सकाळचे दोन मृत्यू डोक्यात. जिभेनं चुकून शेजारचा खण उघडला."

"अगदी तस्संच झालं, डॉक्टर!"

"तसं असेल तर दोष कार्यालयाचा. मग मृत्यूंसाठी वेगळा माणूस नेमावा लागेल. तशी जागा मंजूर नाही." त्यांनी पहिल्या शक्यतेवर काट मारली. "म्हणजे राहिली दुसरी. तुम्हाला तेच म्हणायचं होतं."

"मला? मी कशाला म्हणेन?"

"ते तुम्ही सांगायचं. घरी सगळं ठीक आहे ना?"

ओटमार गडबडले. "अहो, माणसाची जीभ आहे, वळते एखाद्या वेळी! मागे मी एका लग्नात तारीख चुकीची वाचली, एकतीस एप्रिल म्हणालो. तेव्हा कोणी घरचं विचारलं नाही."

"तेव्हा कोणी हसलं होतं?"

"नाही."

"मग?" डॉक्टर मायेने म्हणाल्या. "नुसत्या चुकीला लोक हसत नाहीत, साहेब. जे आपल्या जिभेवर कधीचं अडून बसलंय ते दुसऱ्याच्या तोंडून सुटलं, की हसतात. त्याच्या नावावर जातं आणि आपण मोकळे."

यानंतर चौकशीचा रोख ओघानेच हसणाऱ्यांकडे वळला. फोटोंवरून त्यांची मोजणी झाली. ते एकोणपन्नास भरले. प्रत्येकाला प्रश्नावली गेली: आपण कोणत्या शब्दाला हसलात? हसण्यापूर्वी आपण आपल्या जोडीदाराकडे पाहिलेत, की पाहण्याचे टाळलेत? चोराच्या मनात चांदणे. एकोणपन्नासच्या एकोणपन्नास जणांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर लिहिले, की आपण हसलो नाही, खोकलो. एका सभागृहात एका वेळी एकोणपन्नास माणसे खोकली याची आरोग्य विभागाने गंभीर दखल घेतली, परागकणांची साथ जाहीर केली आणि नगरपालिकेसमोरची दोन भूर्जांची झाडे तोडली.

दरम्यान असे ठरले, की अंतिम निर्णय होईपर्यंत नोंदणी अधिकाऱ्याने शुभेच्छा छापील कार्डावरून वाचाव्यात आणि पाहुण्यांनी न हसण्याचे हमीपत्र द्यावे. पुढच्या शनिवारी ओटमारांनी कार्ड दोन्ही बाजूंनी तपासले, घसा साफ केला आणि बिनचूक वाचले, "हार्दिक अभिनंदन." सभागृहात हशा फुटला. या वेळी तर वधूच पहिली हसली.

मंगळवारी लाकडाच्या वखारवाल्याची बायको नवऱ्याचा मृत्यू नोंदवायला आली. ओटमारांनी घाम पुसून दुसरे कार्ड काढले आणि एकेक शब्द तोलून वाचले, "आपल्या दुःखात मी मनःपूर्वक सहभागी आहे." बाईंनी ओठ चावला, खिडकीकडे पाहिले, पण त्यांना आवरेना.

"माफ करा हं, प्लाइनरसाहेब," त्या डोळे पुसत म्हणाल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते ओटमारांना कळले नाही. "आमचे हे असते ना, तर आज फार हसले असते."

त्या गेल्यावर ओटमारांनी कार्ड खणात ठेवले. एकतीस वर्षे लोकांच्या सुखात आणि दुःखात मनःपूर्वक सहभागी झालेल्या माणसाचे कोणतेच वाक्य आता कोणी खरे मानत नव्हते. याचे त्यांना पदवीपेक्षा जास्त वाईट वाटले.

ऑगस्टमध्ये डॉक्टर क्नाइसल यांचा अहवाल आला. तो उदार होता. वाल्डएगमधील कोणत्याही एका विवाहित जोडप्याने 'सदर वाक्यात हसण्यासारखे काहीही नाही आणि ते ऐकून आम्हांस हसू आले नाही' असे प्रतिज्ञापत्र तीस सप्टेंबरपर्यंत द्यावे, म्हणजे वाक्य निरर्थक ठरेल, ओटमार निर्दोष ठरतील आणि पदवी मिळेल. अट एवढीच, की दोघांनी समोरासमोर बसून सही करावी.

चार हजार वस्तीच्या गावातून एक जोडपे. ओटमार दारोदार फिरले.

"तुमच्यासाठी जीव देईन, साहेब," खाटीक सॉसेज बांधता बांधता कुजबुजला. "पण सही नका मागू. ती लगेच विचारेल, मग त्या दिवशी खोकत काय होतास?"

शेवटी त्यांनी डॉक्टरांनाच फोन केला. "तुमचंही लग्न झालंय ना? तुम्हीच करा की सही. रहिवासाची अट सैल करा."

"मी चौकशी अधिकारी आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग फोन घाईघाईने बंद झाला.

एकोणतीस सप्टेंबरला ओटमारांनी नियम पुन्हा वाचला. अर्जदाराने स्वतःच्या बायकोबरोबर सही करू नये, असे त्यात कुठेच नव्हते. नियम करणाऱ्याला ते सुचलेच नव्हते. त्यांनी स्वयंपाकघरात बसून आपली सही केली आणि कागद हेर्मिनेबाईंपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, पेन उचलले.

"इथे 'हसू आले नाही' असं लिहिलंय."

"असू दे. कर सही. उद्यापासून हॉफराटीणबाई होशील."

हेर्मिनेबाईंनी पेन टेकवले आणि पुन्हा उचलले. "ओटमार, एकोणतीस वर्षांच्या संसारात तू मला पोट धरून हसवलंस ते एकदाच. तेही खोडून टाकू?"

"पण त्यात एवढं हसण्यासारखं होतं काय?"

हेर्मिनेबाईंनी चष्मा काढला. "खरंच सांगू?"

"नको," ओटमार म्हणाले आणि स्वतःची सही त्यांनीच खोडली.

पदवी पाणीपुरवठा विभागाच्या प्रमुखांना मिळाली. ते सहसा बोलत नाहीत. ओटमारांचे नाव मात्र पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले आहे आणि वाल्डएगमध्ये साक्षीदार मिळत नसल्याने रहिवासाची अट काढून टाकली आहे. कोणत्याही गावचे, कोणत्याही भाषेचे विवाहित जोडपे चालेल. ते वाक्य आपण नुकतेच वाचले असल्यामुळे आपण पात्र आहात. वाचताना हसू आले नसेल तर प्रतिज्ञापत्र मराठीतही स्वीकारले जाईल. फक्त सही करताना घरच्या माणसाला समोर बसवायचे आहे, आणि 'कसली गंमत?' असे त्या माणसाने विचारलेच, तर उत्तर आपले आपण द्यायचे आहे. त्याला नगरपालिका जबाबदार राहणार नाही.