दोन बोटं खाली

आमच्या हर्षदीपने पोळ्यानंतर आपली चारचाकी गाडी दोन बोटं खाली करून घेतली. गाडीला काही झालेलं नव्हतं. ती रोज आमच्या गावाहून गुडीहत्नूरच्या शाळेत जायची, संध्याकाळी परत यायची. तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तिच्याकडे कोणी पाहत नाही, एवढीच तक्रार खुद्द हर्षदीपची होती.

आदिलाबादजवळच्या मावल्याच्या एका मिस्त्रीने जुन्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या. "सर, एकदम माइल्ड है," तो म्हणाला. "आम आदमी को पता भी नहीं चलेगा."

"मंग कराची काऊन?" मी विचारलं.

"बाबा, जाणकाराले समजते," हर्षदीप म्हणाला.

आसपास जाणकार किती आहेत, याची मी चौकशी केली. दोन निघाले. एक हर्षदीप आणि दुसरा तो मिस्त्री.

आता वळणावर गाडी झुकत नाही, असं हर्षदीप सांगतो. आमच्या घरापासून इंद्रवेल्लीच्या रस्त्यापर्यंत एकही वळण नाही. ब्रेकर मात्र एक आहे, भगवानरावांच्या घरासमोर. तो सरकारने केलेला नाही. भगवानरावांच्या घराचा स्लॅब टाकला, त्या दिवशी उरलेला माल त्यांनी रस्त्यावर ओतून घेतला. मोठ्या माणसाच्या दारासमोरून कोणी भरधाव जाऊ नये, हा त्यामागचा विचार. ब्रेकर जेवढा उंच तेवढा माणूस मोठा, असं आमच्याकडे मानतात. त्या मापाने भगवानराव वीतभर मोठे आहेत.

याच रस्त्याने भागीरथाला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवाळीनंतरच्या बुधवारी आदिलाबादला न्यायचं होतं. तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. उजवा डोळा आधीच गेलेला. दहाच्या आत नाव लावलं नाही तर तारीख जाते, आणि आणखी पिकू दिला तर डोळाही जातो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

हर्षदीप एकटा असला की गाडी तिरपी घालून ब्रेकर पार व्हायची. मागे कोणी बसलं की पोट घासायचं. म्हणून घरात नियम झाला. भगवानरावांच्या घराआधी सगळ्यांनी उतरायचं, त्यांचं घर पायी ओलांडायचं आणि पुढे जाऊन परत बसायचं. सून प्रगती रोज डबा घेऊन उतरू लागली. मीही उतरलो.

तिसऱ्या दिवशी भगवानराव ओट्यावरून म्हणाले, "दौलत, पोरगं मास्तर झालं पण रीत इसरलं नाही. बरं वाटते पाहून."

माझे वडील याच जागी बैलगाडीतून उतरत. आमच्या वस्तीच्या माणसाने या घरासमोरून बसून जायचं नाही, अशी ती रीत होती. ती मोडायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या आणि काही डोकी फुटली. परत आणायला एका मिस्त्रीची एक दुपार पुरली.

"जुन्या स्प्रिंगा लाव," मी हर्षदीपला म्हणालो.

"आपण मागं नाही जाच, बाबा. मी ब्रेकर कमी करून आणतो. कायद्यानं."

त्याने पंचायतीत अर्जी दिली. पंचायत सेक्रेटरी नागेश याने ती दोनदा वाचली.

"सर, हा ब्रेकर आमच्या रेकॉर्डले नाही. जो नाहीच, तो कमी कसा कराचा?"

"मंग फोडून टाका."

"जो नाही तो फोडला, तर कागदावर काय फोडलं म्हून लिहू?"

"मंग मी काय करू?"

"तो आहे, अशी पयले अर्जी द्या."

हर्षदीपने तीही दिली. ब्रेकरची मोजणी झाली, ठराव झाला, त्यावर पिवळे पट्टे आले. बाजूला पाटी लागली: 'मंजूर गतिरोधक. अर्जदार श्री. हर्षदीप सर.' हर्षदीपने पाटीजवळ गाडी लावून फोटो काढला. उंची कमी करणं हा दुसरा टप्पा. त्यासाठी समोरच्या घरमालकाची संमती लागते. भगवानराव त्यावर विचार करून राह्यले होते.

ते विचार करत असतानाच बुधवार आला. सकाळी साडेसातला आम्ही निघालो. ब्रेकरपाशी प्रगती उतरली, मी उतरलो. भागीरथा बसून राहिली.

"माय, दोन मिनिटं उतर ना," हर्षदीप म्हणाला.

"कोनाचं घर आलं?"

"भगवानरावचं."

"मंग नाही उतरत. माहा सासरा इथं उतरे, थे म्या पाह्यलं हाये. मले आता दिसत नाही, पण एवढं दिसते."

हर्षदीपने घड्याळ पाहिलं, गाडी तिरपी घातली आणि एक्सलेटर दाबला. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली आणि पोट ब्रेकरवर टेकलं. गाडी पुढे जाईना, मागे येईना.

भगवानराव ओट्यावरून खाली आले. "बाई, उतरा. गाडी हलकी होईन. त्यात काय कमीपणा हाये?"

"कमीपणा नाही तं तुमी बसा इथं. मी वट्यावर बसते."

भगवानराव परत ओट्यावर गेले. चार जण गाडी उचलायला वाकले, तेवढ्यात नागेश धावत आला. "हात नका लावू! मंजूर ब्रेकर हाये. कोपरा फुटला तर जबाबदार कोन? इंजिनियर आदिलाबादहून येतीन, पंचनामा होईन, मंग उचला."

चौघे सरळ झाले. तोवर तिथे तीसेक माणसं जमली होती. हात न लावण्याचा हुकूम सगळ्यांनी मनापासून पाळला, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी मोबाईल काढले. नऊ वाजले. दहा वाजले. भागीरथाने मला वेळ विचारली. मी नऊ सांगितली.

साडेदहाला कापसाचा एक ट्रॅक्टर आला. त्याला रस्ता हवा होता. त्यावरचे पाच जण उतरले, त्यांनी भागीरथासकट गाडी उचलून पलीकडे ठेवली आणि कोणाला काही न विचारता निघून गेले. ब्रेकरचा टवकाही उडाला नाही.

आदिलाबादला पोचलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळाली. तोवर डोळा टिकेल का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी नव्या तारखेखाली सही केली.

व्हिडिओ मात्र दहाच्या आतच सगळीकडे पोचला होता. तुम्हालाही आला असेल. खाली लोकांनी हसून घेतलंय, आणि सतरा जणांनी स्प्रिंगा कुठे बसवल्या ते विचारलंय. हर्षदीपने सगळ्यांना पत्ता दिला.

भागीरथाला तो व्हिडिओ दिसत नाही, नुसता ऐकू येतो. "एवढे कोन हासून राह्यले जी?" ती रोज मला विचारते.

मी अजून तुमचं नाव सांगितलेलं नाही.