भामरे आप्पा परवानगी देत नाहीत

पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलच्या ऑफिसात सकाळी सकाळी "कोना शे तू? काय मांगस?" असा दरडावणीचा आवाज आला, तर दारात कुणी आलंय असं समजू नये. भामरे आप्पा कॉम्प्युटरशी बोलत असतात. ते मूळचे धुळ्याकडचे. चिडले की त्यांना फक्त अहिराणी येते.

आमच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड असतो. कोणतं मशीन चालू, किती कापड रंगलं, कोण हजर, सगळं त्यावर दिसतं. त्याला बाहेरची एक्स्टेंशनं जोडता येतात. एखादं नकाशा काढतं, एखादं कॅलेंडर रंगवतं. पण जोडण्याआधी प्रत्येकाला आपली माहिती बघायची परवानगी हवी असते, आणि ती द्यायचा अधिकार एकट्या आप्पांकडे. आप्पा द्यायचं नाव काढत नाहीत. "नुसतं कॅलेंडर रंगावनं शे, अन् बायास्ना नंबर मांगस! लाज नही वाटस का तुले?"

हजेरीचं काम माझं. फोल्डिंगच्या सगळ्या बायकांचे नंबर आणि पत्ते त्यात आहेत, माझ्या भेस्तानच्या घराचा पत्ताही आहे. त्यामुळे आप्पांची कटकट ऐकून मी हसते खरी, पण आतून बरं वाटतं.

नव्या एक्स्टेंशनला आप्पा आधी खोटी हजेरी दाखवतात. तीत सगळी त्यांची वारलेली माणसं. वडील, काका, आत्या, बायको शोभावहिनी. "आते यास्ले कोन काय करी?" म्हणजे मेलेल्यांना कोण काय करणार, असं त्यांचं म्हणणं. काका रंगखात्यात रात्रपाळीला असतात, आत्या कायम गैरहजर. आत्या जिवंतपणी तरी कुठं कामाला हात लावायची, असं वर सांगतात.

मध्यंतरी शेठच्या भाच्यानं हजेरीचं एक एक्स्टेंशन शोधून आणलं. दिसायला गोड, मागायला हावरट. नावं, नंबर, पत्ते, सगळंच हवं. शेठ गुजरातीत म्हणाले, "भामरेभाई, काले बपोरे पार्टी आवे छे. करी नाखो ने!" उद्या दुपारी मोठं गिऱ्हाईक येणार होतं, त्याला हे दाखवायचं होतं.

"आधी माझ्या माणसांवर चालवून बघतो," आप्पा म्हणाले.

शेठचा आवाज चढला. उद्या दुपारपर्यंत झालं नाही, तर अधिकार भाच्याकडे जाणार होता. आणि भाचा म्हणजे न वाचता 'हो' दाबणारा.

दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ होत आली तरी आप्पांना वावगं काही सापडेना. चहावर साय धरली. "रंजनाताई, काहीतरी शे. माले दिसत नही," एवढंच म्हणायचे. मला तर घड्याळाकडे बघवत नव्हतं. शेवटी शेठ भाच्याला घेऊन दारात येऊन उभे राहिले.

तेवढ्यात आप्पांच्या डब्याच्या पिशवीत फोन वाजला. बटणांचा जुना फोन. आप्पा एकदम पांढरे पडले.

"शोभाना फोन शे," ते म्हणाले.

वहिनींना जाऊन वर्षं झाली, तरी त्यांचा नंबर आप्पांनी चालू ठेवला होता, हे तेव्हा आम्हाला कळलं. आप्पांनी स्पीकर लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "शोभा भामरेजी? फोल्डिंग विभाग? आपके लिए लोन मंजूर हुआ है."

वहिनींनी आयुष्यात मिल पाहिली नव्हती. फोल्डिंग खातं त्यांना आप्पांनी त्या खोट्या हजेरीत दिलेलं, हाच नंबर लिहून; म्हणजे एक्स्टेंशननं ती हजेरी बाहेर विकली होती. शेठनी भाच्याकडे एकदा पाहिलं, "रहेवा दो" म्हणाले आणि दोघं निघून गेले. आमचे नंबर वाचले होते, आप्पांचा अधिकारही.

आता फोन ठेवून द्यायचा. आप्पांनी ठेवला नाही. स्पीकर बंद करून त्यांनी तो कानाला लावला. पलीकडची मुलगी मोठ्यानं विचारत होती, "शोभाजी घर पर हैं क्या?"

आप्पा भिंतीकडे वळले. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"हां, है ना," ते म्हणाले. "रसोई में है. थोडी देर बाद करना, बेटा. बात कर लेगी."