मोडक्या कठड्याचं अचूक वाक्य

कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्याकडे जाताना जिना जिथे वळतो, तिथला लाकडी कठडा सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मोडला. चार गज खाली पडले, पाचवा लोंबकळत राहिला. जीवितहानी झाली नाही, त्यामुळे घटनेची दखल घेण्याचं कुणाला काही कारण नव्हतं.

आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी तरी ती घेतली. कारण त्या जिन्यावरून शिपाईमामा दिवसातून तीसेक वेळा फायली घेऊन चढत-उतरत. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात पिकायच्या बेतात होता आणि निवृत्तीला पाच महिने होते. कठडा चाचपतच ते जिना चढायचे. बाईंनी अर्ज लिहिला, 'जिन्याचा कठडा मोडला आहे. कृपया दुरुस्त करावा.' दुसऱ्याच दिवशी तो पहिल्याच टेबलावरून परत आला. शेरा होता: 'शब्द नाही.'

त्याच महिन्यापासून कार्यालयात शब्दोन्नती अभियान लागू झालं होतं. मोठे साहेब परदेशात नऊ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आपल्या माणसांची पातळी त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. आता दर सोमवारी फलकावर एक अनवट इंग्रजी नाम लागायचं. त्या आठवड्यातल्या प्रत्येक कागदात ते रोजच्या बोलण्यातल्या वाक्यात, अचूक आणि सहज वापरणं बंधनकारक होतं. सहजता तपासण्यासाठी स्वतंत्र शब्दाधिकारी नेमले होते. हे गृहस्थ पूर्वी भांडारात फिनेलच्या बाटल्या सांभाळायचे. बाटलीवरचा इंग्रजी मजकूर ते न अडखळता वाचत, या गुणावर त्यांची निवड झाली होती.

फलकावर तेव्हा 'हायेटस' होता, म्हणजे मध्येच पडलेला खंड. बाईंनी मुकाट्याने लिहिलं, 'कठड्यात चार गजांचा हायेटस पडला आहे.' कागद चार टेबलांवरून फिरत शब्दाधिकाऱ्यांकडे पोचायला आठ दिवस लागले. तोवर फलकावर 'प्लेथोरा' आला होता, म्हणजे नको इतकी रेलचेल. शेरा पडला: 'शब्द शिळा.' बाईंनी प्लेथोरा घालून लिहिलं, तेही शिळं झालं. आणि हे सगळे अर्ज वर नेणारे आणि खाली आणणारे मामाच होते, त्याच वळणावरून.

बाई शब्दाधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, शब्द सात दिवस टिकतो आणि फाईल आठ दिवस फिरते. जमायचं कसं?"

"फाईलचा वेग हा दुसऱ्या कक्षाचा विषय आहे," ते म्हणाले. "आणि 'जिन्यावर धोक्याचा प्लेथोरा' कशाला लिहिता? आनंदाचा लिहा की."

"माणूस पडेल हो तिथून!"

"पडल्यावर वेगळा अर्ज करा. तेव्हा वेगळा शब्द असेल."

मामा मात्र बाईंनाच समजावत होते. "बाई, माझ्यापायी कशाला तोंड वाईट करता? मी भिंतीच्या कडेने चढतो. पायांना पाठ आहे सगळं." बाईंनी घरून कपडे वाळत घालायची दोरी आणून त्या मोकळ्या जागी आडवी बांधली.

चौथ्या सोमवारी फलकावर शब्द लागला, 'बॅलस्ट्रेड'. बाईंनी शब्दकोश उघडला आणि त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. बॅलस्ट्रेड म्हणजे गजांचा कठडाच. त्यांनी लिहिलं, 'आपल्या जिन्याचं बॅलस्ट्रेड मोडलं आहे,' आणि कागद स्वतः नेऊन मोठ्या साहेबांच्या हातात दिला.

साहेब खुर्चीतून उठले. सकाळपासून त्यांनी 'सासूबाईंची प्रकृती बॅलस्ट्रेड असल्याने तीन दिवस रजा मिळावी' या धर्तीचे चाळीस कागद वाचले होते. "याला म्हणतात सहज!" ते म्हणाले. "कुठे ओढाताण नाही. वस्तू समोर, शब्द समोर!"

वाक्य चौकटीत बसवून जिन्याच्या वळणावर भिंतीला लावण्यात आलं. बाईंना प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांचं नाव बढतीच्या यादीत गेलं. पंधरा वर्षं त्यांना साध्या शाळेतली म्हणून हिणवणाऱ्या नणंदेनं फोन केला आणि "वहिनी, शब्द परत एकदा सांगा ना," म्हणाली. बाई त्या दिवशी हवेत होत्या, हे कबूल केलं पाहिजे.

चार दिवसांनी त्यांनी साहेबांना विचारलं, "साहेब, मग सुताराला कधी बोलवायचं?"

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? कठडा दुरुस्त झाला की वाक्य चुकीचं ठरेल. अभियानातलं एकमेव अचूक वाक्य! इतर कार्यालयांचे गट बघायला येतायत." साहेबांनी आवाज खाली आणला. "तुमच्या बढतीचा प्रस्तावही त्याच वाक्यावर उभा आहे, बाई."

बाई आपल्या टेबलावर परत गेल्या. संध्याकाळी दोरीही काढली गेली, कारण तिच्यामुळे वाक्याचा अर्थ नीट दिसत नव्हता. बाईंनी ती घडी करून पिशवीत टाकली. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, पण बढतीचं पत्र यायला फक्त एक आठवडा उरला होता.

तिसरा गट अकरा जणांचा होता. सगळे भिंतीला चिकटून, माना वर करून वाक्य वाचत होते. त्यांच्यासाठी पाण्याचे ग्लास घेऊन मामा वर निघाले. भिंतीची कड अडलेली होती. "जरा बाजूला होता का?" त्यांनी विचारलं. "एक मिनिट, लिहून घेतोय," एक जण म्हणाला. पाहुण्यांना तहानलेलं कसं ठेवायचं, म्हणून मामा दुसऱ्या कडेने गेले.

बाई धावत खाली पोचल्या तेव्हा मामा फरशीवर पडले होते. "बाई, ग्लास फुटले का हो?" त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि हुंदके देऊन रडल्या. वरून कुणीतरी म्हणालं, "प्रात्यक्षिकासह समजलं." बढतीचं पत्र त्याच दुपारी आलं. बाईंनी डोळे पुसले आणि पोच म्हणून सही केली.

मामांचा पाय मोडला. कोणता, हे अहवालात नाही, कारण ते कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. बॅलस्ट्रेड म्हणजे काय, ते मात्र तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी आता सांगता येईल, आणि येत्या चार दिवसांत कुणासमोर तरी तुम्ही तो शब्द वापरालच.