करंजाच्या तेलावरची गाडी

हेडक्लार्क त्या दिवशी ऑफिसच्या आवारात खाली वाकले आणि तिथून सगळं सुरू झालं. खरं तर वाकण्याचं काम त्यांच्या कंबरेनं कधीच सोडून दिलं होतं. पण झाडाखाली करंजाच्या बियांचा खच पडला होता आणि या कडू, खायच्या कामाच्या नसलेल्या बियांच्या तेलापासून डिझेल होतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. घरी जुनी डिझेल गाडी होती. "विका ती एकदाची," हे बायकोचं पालुपद होतं. इंधन फुकट मिळालं तर गाडीही राहील आणि घरात शांतताही नांदेल (थकलेला माणूस काहीही मनात आणतो).

पोतंभर बिया जमल्या. घाणेवाल्यानं तेल काढून दिलं आणि वर, "पुन्हा आणू नका, वास जात नाही," असंही बजावलं. पुढची कृती कागदावर सोपी होती. तेल गरम करायचं, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं, तळाशी ग्लिसरीन बसलं की वरचं डिझेल काढून घ्यायचं. अट एकच: पाण्याचा थेंब लागता कामा नये.

परसात ढवळून ढवळून त्यांचे खांदे भरून आले. बादलीत मात्र खळीसारखं काहीतरी घट्ट होत चाललं.

"ही बादली कुणी धुतली का?"

"मीच. केवढी कळकट होती!" बायको अभिमानानं म्हणाली.

"पुसलीस?"

"बादली कोण पुसतं?"

हेडक्लार्क पायरीवर मटकन बसले. पुन्हा बिया वेचायचं त्राण नव्हतं. वर थोडं पिवळसर पातळ तरंगत होतं, ते त्यांनी जुन्या बनियनमधून गाळलं आणि गाडीत ओतलं. गाडी चक्क चालू झाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं (थोडंफार वासामुळंही).

दुसऱ्या दिवशी मुलीची मुलाखत होती. पहिलीच नोकरी.

"मी बसनं जाते ना, बाबा," ती काकुळतीला आली.

"घरची गाडी असताना?"

अर्ध्या वाटेत घरच्या गाडीनं आचके दिले आणि भर चौकात मान टाकली. मागून हॉर्नचा कल्ला. मुलीनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत आणली. मेकॅनिकनं फिल्टर काढून पाण्यात बुडवला. फेसच फेस.

"काका, हे गाडी चालवायला घातलंत की धुवायला?"

"बायोडिझेल आहे," हेडक्लार्क पुटपुटले.

"साबण आहे," मेकॅनिक म्हणाला आणि मुलीला आपल्या स्कूटरवर बसवून निघाला.

हेडक्लार्क तिथंच एका जुन्या टायरवर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा हौस केली, तीही पोरीच्या मुळावर आली, असं वाटून त्यांना उठवेना.

संध्याकाळी मुलगी हसतच घरी आली. नोकरी लागली होती!

"उशीर का झाला विचारलं, तर सगळं सांगून टाकलं. बादली, बनियन, फेस... हसून हसून साहेब लोकांची पुरेवाट झाली. म्हणाले, असल्या माणसाची गाडी ढकलूनही जिचं डोकं ठिकाणावर राहतं, ती मुलगी आम्हाला हवीच."

हेडक्लार्कांच्या शिणलेल्या अंगात जरा जीव आला. म्हणजे बापाचा खटाटोप अगदीच वाया गेला नव्हता तर!

"मग... हे आमच्या बाबांनी केलं, असं सांगितलंस ना?"

मुलगी चपला काढता काढता थांबली.

"छे हो! नोकरी हवी होती ना मला. शेजारचे काका म्हणून सांगितलं."