टेकडी सरकण्यास हरकत नसल्याबाबत

ज्ञान आणि सत्ता यांच्यात एक दरी असते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. ती बुजवण्यासाठी शासनाने संशोधन-धोरण समन्वय कक्ष स्थापन केला आणि माझी तिथे कक्ष अधिकारी म्हणून नेमणूक झाली. कक्षात तीन टेबले, एक पंखा आणि ‘विज्ञानाधिष्ठित निर्णय’ असा फलक आहे. (पंखा लावला की फलक पडतो, म्हणून आम्ही घाम पुसत निर्णय घेतो.)

आमच्याकडे आलेले पहिले संशोधन एका भूगर्भशास्त्रज्ञ बाईंचे. मुलींच्या शाळेमागची टेकडी महिन्याला चार मिलिमीटर सरकते, हे त्यांनी तीन वर्षे खुंट्या ठोकून मोजले होते. अशीच सरकत राहिली तर दोन वर्षांत ती सुटून शाळेवर कोसळेल, शाळा हलवा, एवढेच त्यांचे म्हणणे. ते दोनशे बारा पानांत मांडले होते.

सचिवांना वेळ नसतो, म्हणून आम्ही एक पान मागितले. बाईंनी दिले. मग पाच ओळी मागितल्या. शेवटी बाईंनी एकच वाक्य लिहिले : टेकडी शाळेवर पडणार आहे. सचिवांना भाषा भडक वाटली. आम्ही ती शास्त्रीय केली : ‘टेकडी व शाळा यांमधील अंतर कमी होण्यास वाव आहे.’ हे वाचून बाई बराच वेळ गप्प बसल्या. आम्ही ती संमती धरली.

मग सात जणांची समिती बसली. बांधकाम खात्याच्या अभियंत्यांच्या मते टेकडी कधीच पडणार नव्हती. बाईंच्या मते पूर्ण पडणार होती. समन्वय म्हणजे मधला मार्ग. त्यामुळे टेकडी निम्मी पडेल, यावर एकमत झाले. निम्म्या टेकडीसाठी शाळा हलवणे अतिरेकाचे झाले असते. सबब मागच्या वर्गांतली बाके दोन हात पुढे घ्यावीत, असा ठराव झाला. (संशोधनामुळे शासनाने काही हलवल्याची ही पहिलीच नोंद.)

ठरावाची प्रत घेऊन बाई माझ्या टेबलापाशी आल्या.

“तुमची मुलगी त्याच शाळेत आहे ना?”

“हो. सहावीत.”

“मागच्या वर्गात?”

कार्यालयीन वेळेत कौटुंबिक विषय नकोत, असे मी त्यांना नम्रपणे सांगितले. घरी बायकोला सगळे सांगितले. तिने अहवाल वाचला नाही, पाच ओळीही मागितल्या नाहीत. “उद्याच तिचा दाखला काढा,” एवढे म्हणून ती पोळ्या लाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर रांग होती. सचिव नातीसाठी आले होते. टेकडी कधीच पडणार नाही म्हणणारे अभियंता दोन मुलींसाठी आले होते. आम्ही एकमेकांकडे न बघता हवापाण्याचे बोललो. महिनाभरात समितीतल्या पाच जणांच्या मिळून आठ मुली त्या शाळेतून बाहेर पडल्या. सगळ्यांच्या अर्जावर ‘घरगुती कारण’ होते. संशोधन धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचत नाही म्हणणाऱ्यांना हे सणसणीत उत्तर आहे. वार्षिक अहवालात मी परिणामकारकता शंभर टक्के लिहिली.

माझ्या मुलीने फक्त एकदा विचारले, “बाबा, माझ्या जुन्या बाकावरची मैत्रीण का नाही येत या नव्या शाळेत?” तिच्या वडिलांच्या वाचनात अहवाल आला नसावा, असे मी सांगितले. ते खरेच होते. अहवाल गोपनीय होता. त्या रात्री ती न जेवता झोपली. मी मात्र जेवलो.

शाळेत आता तीनशे बेचाळीस मुली आहेत. बाके पुढे घेतलेली आहेत. टेकडी महिन्याला सहा मिलिमीटर सरकते. बाई अजूनही दर सोमवारी खुंट्या मोजतात आणि आकडा आम्हाला कळवतात; आम्ही पोच देतो.

लोकशाही असल्याने गोपनीयता उठवून, वर्तमानपत्रात सूचना देऊन आम्ही टेकडीच्या सरकण्यावर हरकतीही मागवल्या. एक आली, ती बाईंची. विषयाची आधीच माहिती असल्याने त्या निष्पक्ष ठरत नव्हत्या. बाकी अकरा पालक कक्षात येऊन गेले. दुसऱ्या शाळेत जागा शिल्लक आहे का, एवढेच त्यांनी हळू आवाजात विचारले.

आणि वाचकहो, इथवर येईतो तुम्हीही आपल्या मुलांच्या शाळेमागे टेकडी आहे का, ते मनातल्या मनात पाहून घेतलेत. नव्हती. हायसे वाटले. कक्षाने तुमच्या नावापुढे ‘हरकत नाही’ अशी नोंद केली आहे.