भास्करकाकांची आतली बाजू

भास्करकाकांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते "बरा आहे" म्हणत नाहीत. शर्टाचं वरचं बटण काढतात, छातीवर बोट टेकवतात आणि सांगतात, "डावी वाहिनी, पुढची फांदी. इथे जाळी बसवलीय. इम्पोर्टेड!"

नागावात आमची आणि त्यांची वाडी शेजारीशेजारी. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे हृदय म्हणजे त्यांच्या लेखी पंपहाऊस. स्टेंट बसल्यापासून गावात कुणाचीच सुटका नव्हती. त्यांच्या खोल्यांत उतरणाऱ्या पर्यटकांना पोह्यांआधी व्याख्यान मिळायचं. हातात ठिबकच्या नळीचा तुकडा घेऊन काका समजावायचे, "गाळ साचला, जाळी घातली, नळी मोकळी. आता बघायला नको. मुद्दा आतल्या बाजूचा आहे!" एकदा बनाना राइडसाठी जॅकेट घालून निघालेल्या जोडप्याला त्यांनी इतकं समजावलं, की दोघं किनाऱ्यावरच बसून एकमेकांची नाडी बघत राहिली.

आतून नलूकाकू ओरडायच्या, "अहो, त्यांचा चहा निवतोय! तुमची वाहिनी घरात घ्या!"

मग काकू लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या आणि काका हृदयाबद्दल बोलेनासे झाले. आधी मला बरंच वाटलं. पण एकदा समुद्राकडे जाताना ते मध्येच वर बघत थांबलेले दिसले.

"काय बघताय?"

"नारळ."

दुसऱ्या दिवशी ते विजेच्या खांबाला टेकून उभे होते.

"आज काय बघताय?"

"खांब."

कपाळावरून घाम निथळत होता. मी त्यांना ओट्यावर बसवलं. "काका, छातीत दुखतंय?"

"दुखत नाही हो. चालताना आवळून येतं. थांबलं की जातं."

"आणि हे सांगितलं कुणाला?"

काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

मी गाडी काढली. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून मुंबईला पाठवलं. तिथे अँजिओग्राफीत दिसलं, की वाहिनी जाळीच्या आतच पुन्हा अरुंद झालीय. काका भडकले. "माल खराब निघाला! ठेकेदाराला बोलवा!"

डॉक्टर तरुण मुलगी होती. ती त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली. "माल चांगलाय, काका. जाळी बसवताना वाहिनीच्या भिंतीला थोडी इजा होते. ती भरून काढायला शरीर तिथे सूज आणतं, नव्या पेशी वाढवतं. तुमच्या शरीराने जरा जास्तच उत्साह दाखवला. जखमेवर जाड वण यावा, तसं आतून वाढलंय."

"म्हणजे गाळ नाही?"

"नाही. नळीला जखम होत नाही, काका. तुम्हाला होते."

औषध लावलेला फुगा आत नेऊन फुगवायचा, असं ठरलं. मी म्हटलं, "काकूंना कळवू या."

"मुळीच नाही." मग आवाज खाली आला. "किती वर्षांनी पोरीला दिवस राहिलेत. निघताना ही फाटकातून सारखी मागे फिरत होती. मी नुसता खोकलो असतो ना, तरी बॅग खाली ठेवली असती."

भूल तेवढ्या जागेपुरतीच होती. त्यामुळे काचेपलीकडून "काका, बोलू नका. श्वास घ्या," हे सारखं ऐकू येत होतं. पण काम नीट झालं. वाहिनी उघडली. दुपारी ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "आता लावा हिला फोन. आधी वाहिनीचं सांगतो, मग सुजेचं, मग फुग्याचं. घाबरणार नाही अशा बेताने."

मी फोन लावून दिला.

"काय हो, सकाळपासून पत्ता नाही तुमचा?" काकूंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

काकांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. जमवलेलं सगळं व्याख्यान कुठे गेलं कुणास ठाऊक.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

"जेवले. का?"

"काही नाही. उगाच. तुझा आवाज ऐकावासा वाटला."

मग काकूंनी शांतपणे विचारलं,

"कुठल्या हॉस्पिटलात आहात?"