पिराजीच्या गुळातली जादा रेघ

मी केरबा सूर्यवंशी. गडमुडशिंगीपासून गगनबावड्यापर्यंत माझ्यासारखा दुसरा गुप्तहेर नाही. असलाच तर तो इतका गुप्त आहे, की अजून मलाही सापडलेला नाही.

२००५ साली पिराजीची अब्रू माझ्या हाती आली. गडमुडशिंगीत त्याचं गुऱ्हाळ. गूळ परदेशी जायचा होता, पण आधी कागल एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेचा दाखला हवा होता. तिथं एनएमआर नावाचं मशीन होतं. भल्यामोठ्या चुंबकात नमुना ठेवला की त्यात काय काय आहे ते कागदावर रेघांनी उमटतं. सोमवारी नमुन्याची बरणी द्यायला पिराजीनं मला सोबत नेलं होतं. बुधवारी निरोप आला, गुळात शेंगतेलाची रेघ दिसते. म्हणजे भेसळ.

"आज्ज्यापासनं गुळात तेलाचा थेंब घातला न्हाय आमी," पिराजी म्हणाला. लोखंडी मुठीचं भिंग घेऊन मी तडक त्याच्यासोबत निघालो.

मशीनजवळ वाकताच भिंग हातातून सुटून मशीनला चिकटलं. माझं घड्याळ अकरा वीसला बंद पडलं, त्याअर्थी गुन्हा अकरा वीसला घडला होता. मशीनवर काम करणाऱ्या डॉ. दीप्ती कांबळे म्हणाल्या, इथं चुंबकामुळं घड्याळं बंद पडतातच. मग मी शेजारच्या गुऱ्हाळवाल्यावर संशय घेतला, पाठोपाठ खुद्द दीप्तीबाईंवर. त्यांनी शांतपणे मला खुर्ची दिली.

चहापाण्याचं बघणारी आक्का पाणी घेऊन आली, सोबत बशीत गुळाचा खडा. सोमवारीही तिनं दिला होता, तीनदा. मी खडा उचलला तोच दीप्तीबाईंनी माझा हात धरला. खड्याला शेंगदाण्याचं फोलपट चिकटलं होतं.

"आक्का, हा गूळ कुठला?"

"माझ्या डब्यातला. शेंगदाण्यासंगट ठेवती मी."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी डबा रिकामा हुता. नुसतं पाणी कसं द्यायचं पावण्यांस्नी? टेबलावरच्या बरणीतला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच, तपासायच्या आदी, माझ्यातला घालून बरणी भरली की. कुणाचं ठेवून न्हाय घेतलं."

म्हणजे पुरावा माझ्या पोटात जाऊन दोन दिवस झाले होते. ज्या ढेपेतून नमुना काढला होता, ती बाकीची ढेप पिराजीनं काखेत धरूनच आणली होती. तिचा तुकडा मशीनमध्ये गेला आणि ती रेघ काही उमटली नाही. दीप्तीबाईंनी दाखल्यावर सही केली.

परतताना पिराजीनं विचारलं, "त्या दिवशी गूळ कसा लागला हुता?"

"एकदम चोख," मी म्हणालो.

"मग तवाच सांगायचं की."